‘पाट्या टाकणारा मास्तर’ यांचे उत्तर

‘अनामिक’ महोदय,

विद्यार्थ्यांना सोशल मीडियाच्या वापरातून नागरिकत्व शिकवावं, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘विद्यार्थ्यांना सोशल मीडियावर सोडून देणं म्हणजे शिकवायचा कंटाळा आलेल्या मास्तरांनी पाट्या टाकणं. लाईक ठोकून कुणी नागरिक होत नाही. आणि पोरांच्या खासगी माहितीचं काय? फेसबुकवरच्या कोट्यवधी लोकांची माहिती नकळत उचलून राजकीय प्रचाराला वापरणारी ती केंब्रिज अ‍ॅनालिटिका कंपनी विसरलात?’ मतभेद असू द्या हो, पण ‘पाट्या टाकणं’? ही बोलायची रीत झाली?

लाईक म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे मान्य. मी तसं म्हटलेलंही नाही. पण इजिप्तच्या सरकारने जानेवारी २०११ मध्ये सोशल मीडियावरून हाक दिलेलं आंदोलन पेटल्यावर इंटरनेटच बंद केलं होतं. निरुपयोगी वस्तूला एवढं कोण घाबरतं?

पाट्या टाकणं काय असतं, ते मी भोगलंय. आमचे एक सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. शंका विचारली की ‘पुढच्या तासाला बघू’. तेव्हा फेसबुक जन्मालाही आलं नव्हतं. (२००४ मध्ये आलं तेही कॉलेजच्या पोरांसाठीच, हे जाता जाता.)

माझ्या वर्गात काय चालतं, ते ऐका. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण असलेला, म्हणजे बराच फिरून आलेला एक फॉरवर्ड प्रत्येकाने आणायचा आणि त्याचं मूळ शोधायचं. एका मुलीने ‘कालच्या’ पुराचा फोटो आणला. इमेज सर्च केल्यावर तोच फोटो जुन्या, भलत्याच देशातल्या बातमीत सापडला. तिने घरच्या ग्रुपवर तसं लिहिलं, तर काका रुसून ग्रुपमधून बाहेर पडले. मग मोठ्या माणसाला चूक दाखवायची ती कोणत्या शब्दांत, यावर आमचा अख्खा तास गेला. एरवी तोंड न उघडणारी मुलं त्या दिवशी भांडत होती. एकाने तिच्या मेसेजचा मसुदाच फळ्यावर लिहून त्यातलं ‘खोटं’ खोडलं आणि ‘जुनं’ केलं. अशा तासाआधी मी रात्री बसून एकेक फॉरवर्ड तपासतो. याला तुम्ही कंटाळा म्हणता?

खासगी माहितीबद्दल म्हणाल तर केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण २०१८ मध्येच सगळ्यांनी वाचलंय, नवीन काही नाही. माझ्या विद्यार्थ्यांना टोपणनावाने खातं उघडायची मुभा आहे. विषय संपला.

आणि पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. पडद्याआडून बोलणाऱ्यांना उत्तरं देत बसायला मला सवड नाही.