आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरून परत येतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. मोबाईल बघताना मानेवर २७ किलोचं ओझं येऊन मणके झिजतात. तरुण मुलांच्या कवटीला मागून शिंगं फुटू लागली आहेत. निळ्या प्रकाशाने डोळ्याचा पडदा जळतो, म्हणून ब्लू-कट चष्मा लावा. अंधारात मोबाईल पाहिला तर दृष्टी जाते. शेवटी रेडिएशन आणि कॅन्सर, आणि सगळ्यात खाली ‘दहा जणांना पाठवा’. मोबाईलचा शरीराला त्रास होतो, यात वादच नाही. पण हा मेसेज बोट दाखवतो भलतीकडेच. मग लोक चष्म्यावर पैसे घालतात आणि तोच चष्मा लावून रात्री एकपर्यंत रील्स बघतात.

आधी मान. २७ किलोचा आकडा थापेबाजीचा नाही. न्यूयॉर्कमधले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी तो २०१४ मध्ये मांडला: डोकं सरळ असताना मानेवर साधारण पाच किलोचा भार, ६० अंश झुकवलं की २७. मात्र हा संगणकावरच्या मॉडेलचा हिशेब आहे. कुणाच्या मानेवर प्रत्यक्ष मोजलेला नाही, आणि भार वाढला म्हणजे मणका झिजला हे तर त्यात कुठेच सिद्ध झालेलं नाही. मणका काही काचेचा नसतो. २०१८ मध्ये रिओ दी जानेरोतल्या १५० तरुणांची पाहणी झाली, तेव्हा मोबाईल धरताना मान झुकवण्याचा आणि मानदुखीचा संबंध सापडला नाही.

मग मान दुखते कशाने? रात्री जेवणानंतर गादीवर बघा. पाठ उशीला अर्धवट टेकलेली, हनुवटी छातीला चिकटलेली, कोपर अधांतरी, आणि हलतोय तो फक्त अंगठा. तासभर असं एकाच अवस्थेत राहिलं की स्नायू आखडणारच. हातात मोबाईलऐवजी जाडजूड कादंबरी असती तरी आखडले असते. अमुक अंशात बसा, असलं फर्मान इथे निरुपयोगी आहे. कोपराखाली उशी घ्या, फोन थोडा वर धरा, कूस बदला, पाणी प्यायला उठा. बसण्याची सगळ्यात चांगली पद्धत कुठली म्हणाल, तर आत्ता आहे त्याहून वेगळी.

शिंगांची गोष्ट मजेशीर आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये १,२०० एक्स-रे तपासून कवटीच्या मागचा हाडाचा उंचवटा काही तरुणांत मोठा दिसतो, असं लिहिलं. वर्षभराने वर्तमानपत्रांनी त्याला ‘शिंगं’ करून टाकलं. गंमत म्हणजे त्या अभ्यासात कोण किती वेळ मोबाईल वापरतो, हे मोजलंच नव्हतं. २०१९ मध्येच त्या निबंधाला दुरुस्ती जोडावी लागली. दुरुस्ती अर्थातच कुणी फॉरवर्ड केली नाही.

आता डोळे, कारण खरा धंदा इथे आहे. मोबाईलच्या पडद्यातून येणारा निळा प्रकाश दिवसाउजेडी बाहेर मिळणाऱ्या प्रकाशापुढे अगदीच किरकोळ. ब्लू-कट चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा आढावा वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये घेतला. निष्कर्ष असा की निदान थोड्या काळापुरता तरी डोळ्यांचा थकवा त्याने साध्या चष्म्यापेक्षा कमी होत नसावा. डोळे चुरचुरतात ते पापण्या न मिटल्यामुळे. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं, आणि मिटते तीही अर्धवट. वर पंखा सुरू असला की डोळे आणखी कोरडे. याला उपाय फुकटचा: दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघा. गॅलरीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत असेल, तर तीही चालेल.

अंधारातल्या आंधळेपणामागे मात्र खरी प्रकरणं आहेत. २०१६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दोन बायकांबद्दल लिहिलं. कुशीवर झोपून त्या एकाच डोळ्याने फोन बघायच्या, दुसरा उशीत दबलेला. फोन ठेवला की उजेडाला सरावलेल्या डोळ्याला काही मिनिटं दिसायचं नाही. इजा काहीच नव्हती. फोन न बघताही एका डोळ्यापुढे असा अंधार आला, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही तो धोका लहान मुलांचा: वाढता मायनस नंबर. जवळचं काम फार आणि उन्हात खेळणं कमी, असं त्याचं गणित. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांत नव्याने मायनस नंबर लागलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात ३०.४ टक्के राहिलं, जास्त वेळ बाहेर न ठेवलेल्या शाळांत ते ३९.५ टक्के होतं. हे कुठल्याही ब्लू-कट काचेने साधलेलं नाही.

कॅन्सरचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये मोबाईल लहरींना ‘२बी’, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. त्याच संघटनेने करवून घेतलेल्या, २०२४ मध्ये आलेल्या ६३ अभ्यासांच्या आढाव्यात मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

झोपेचं नुकसान खरं आहे, पण सगळा दोष प्रकाशाचा नाही. २०१५ च्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास पूर्ण उजेडाच्या टॅबवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला जेमतेम दहा मिनिटं जास्त लागली. बाकीचे दोन तास ‘हे एकच बघून झोपतो’ म्हणण्यात जातात. ‘नाईट मोड’ तिथे काय करणार? चार्जर स्वयंपाकघरात ठेवा आणि शंभर-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणा.

आणि ज्या बिचाऱ्या अंगठ्याने हा मेसेज पुढे ढकलला जातो, त्याच्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. अंगठा मुठीत घेऊन मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूला जोराची कळ आली तर तिथल्या स्नायुबंधांचं आवरण सुजलेलं असू शकतं. तान्हं बाळ सतत उचलणाऱ्या आयांनाही हे होतं. काही दिवस दुसऱ्या हाताने टाईप करा, बोलून मेसेज पाठवा. दुखणं थांबलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.