पुंगळ्या मोजून परत कराव्यात

स्वयंसेवकांची फौज उभारायचं मनात आणलंत, फार चांगलं केलंत. आता बंदुका, बूट, झेंडा या किरकोळ गोष्टी जरा बाजूला ठेवा आणि नियमांचा मसुदा पुढ्यात घ्या. जिथे जिथे 'पगार' हा शब्द आलाय तिथे काट मारा आणि 'मानधन' लिहा. तेही भारदस्त वाटलं तर 'भत्ता'. पगार थकला की माणूस भांडतो. मानधन थकलं की तोच ओशाळतो. मागायला जावं तर मान जातो, आणि धन तर आलेलंच नसतं.

होमगार्डच्या बाबतीत ही युक्ती कितीतरी वर्षं सुखाने चालली. पोलिसाच्या शेजारी उभं राहायचं, तेच ऊन, तीच जत्रेची रेटारेटी, पण पलीकडच्याला पगार आणि अलीकडच्याला सेवेचं समाधान. मग मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की होमगार्डचा भत्ता असा ठरवा की तीस दिवसांचा मिळून पोलिसाच्या किमान पगाराएवढा होईल. घाबरून जाऊ नका. दर न्यायालयाने बांधून दिला, पण दिवस किती बोलवायचे ते अजून तुमच्याच हातात आहे!

पेन्शन मात्र जरूर ठेवा. पेन्शनने योजनेला शोभा येते. त्यासाठी टेरिटोरियल आर्मीकडे, म्हणजे गरजेपुरत्या बोलावल्या जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या फौजेकडे पाहा. १९४८ चा कायदा, १९४९ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उद्घाटन, म्हणजे घराणं चांगलं. तिची एक अट मला मनापासून आवडते. उमेदवाराला दुसरीकडे कमाईचं साधन असलं पाहिजे. आमच्याकडे जेवायला अवश्य या, पण घरून जेवून या. बोलावणं आलं की पगार नेहमीच्या सैनिकासारखा, त्यात खोट काढायला जागा नाही. पण पेन्शन? जवानाची प्रत्यक्ष सेवा पंधरा वर्षं भरली पाहिजे, अधिकाऱ्याची वीस. मधले खंड सोडायचे आणि तुकड्याला तुकडा जोडत जायचं. साध्या काळात वर्षाला दोन महिन्यांचं प्रशिक्षण असतं. ते दिवसही उदार मनाने सेवेत धरू. घ्या पेन्सिल. पंधरा वर्षं म्हणजे १८० महिने, त्याला दोनने भागा, नव्वद वर्षं. अठराव्या वर्षी भरती झालेला पेडण्याचा गडी वयाच्या एकशे आठाव्या वर्षी पेन्शनीच्या रांगेत उभा, आणि त्याच्या साहेबाची अजून तीस वर्षं बाकी. (बऱ्याच पलटणी वर्षानुवर्षं तैनात असतात आणि त्यांचे दिवस भराभर भरतात, हे खरं आहे. पण ते देशावर संकट आलं म्हणून. तुमच्या मसुद्याचं त्यात श्रेय नाही.)

प्रशिक्षणावर फार शाई खर्च करू नका. दारूगोळ्यावर करा.

फोंड्याला शाळेत असताना मी एनसीसीत होतो. वर्षभर सावधान-विश्राम केल्यावर एका सकाळी पॉइंट टू-टूची रायफल हातात आली आणि मोजून पाच गोळ्या. पाचही झाडल्या. कवायत शिकवणारे उस्ताद धावत आले ते थेट पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांची रिकामी नळकांडी मोजायला. चारच भरल्या. मग सगळी प्लाटून गवतात ओणवी. तांबड्या मुंग्या चावताहेत, कुणी दगड उलटतंय, कुणी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतंय. तासाभराने पुंगळी सापडली, माझ्याच दुमडलेल्या बाहीत. उस्तादांनी ती कपाळाला लावायचीच काय ती बाकी ठेवली. पाच गोळ्यांपैकी निशाण्याला एकही लागली नव्हती, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यासाठी रजिस्टरात रकानाच नव्हता.

हसू नका. मोजदाद नसली की काय होतं ते पोर्तुगिजांना विचारा. १८९५ साली पणजीतल्या मराठा सैनिकांना हुकूम आला, चला मोझांबिकला. ते बंदुका-काडतुसांसकट निघाले, पण सत्तरी तालुक्याच्या दिशेने. नाणूसच्या किल्ल्यात ठाण मांडलं आणि सत्तरीचे दादा राणे त्यांना जाऊन मिळाले. बंड मोडायला लिस्बनहून खुद्द राजाचा भाऊ अफोन्सो फौज घेऊन आला. एवढ्या खर्चात केवढी रजिस्टरं छापून झाली असती!

आता खरा नमुना. तो आमच्या मुरगाव बंदरातच घडलाय. दुसऱ्या महायुद्धात तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज तिथे आसऱ्याला नांगर टाकून होतं, कारण गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ. त्यातल्या 'एरेनफेल्स'वरून बिनतारी यंत्राने पाणबुड्यांना खबरा जातात असा इंग्रजांचा संशय. नियमित फौज पाठवली तर तटस्थतेचा भंग. मग कोण? 'कलकत्ता लाइट हॉर्स'. ही १९२० च्या कायद्याने चालणाऱ्या ऑक्झिलरी फोर्सची, म्हणजे हौशी गोऱ्या स्वयंसेवकांची पलटण. नाव घोडदळाचं आणि काम जहाजावर चढण्याचं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर लढाई पाहिलेली नाही, शिपाई म्हणजे बँकवाले, व्यापारी, वकील, बरेचसे पोट सुटलेले. कायद्याने त्यांच्यावर फक्त स्थानिक सेवेचं बंधन. तर ही स्थानिक सेवा कलकत्त्याहून निघाली आणि हिंदुस्थानाच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावर, परक्या राज्यात पोचली. लाइट हॉर्सचे चौदा, कलकत्ता स्कॉटिश या तसल्याच दुसऱ्या पलटणीचे चार, 'फीबी' नावाचा गाळ वाहणारा पडाव आणि ९ मार्च १९४३ ची रात्र. इंत्रुजाची, म्हणजे गोव्याच्या कार्निव्हलची शेवटची रात्र ती, सगळं गाव रंगात. मंडळी एरेनफेल्सवर चढली. जहाज बुडालं, आणि उरलेली तिन्ही जहाजं त्यांच्याच खलाशांनी बुडवली. अठराच्या अठरा सुखरूप परत.

मोबदला? पगार नाही, पदक नाही, पेन्शन नाही आणि १९७८ पर्यंत उघड बोलायची सोयसुद्धा नाही. अधिकृतपणे ते तिथे गेलेच नव्हते. मंडळी आपापल्या कचेऱ्यांतून रजा काढून आली होती, म्हणजे त्या दिवसांचा पगारही दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यावर. याहून स्वस्त मसुदा तुम्हाला साधणार नाही, तेव्हा जसाच्या तसा उतरवून घ्या.

रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो, तेवढा मात्र सांभाळा. तिथे 'गोव्याला जातो' एवढंच लिहायला सांगा. पुढे कुणी काही विचारत नाही.