आठवीतल्या स्वमग्न मुलाला शाळेतून काढा म्हणणाऱ्यांना उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. ‘एका अनुभवी मुख्याध्यापकांचे मनोगत’ असे त्याचे शीर्षक असले, तरी खाली कोणाचेही नाव नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना सातवीपर्यंत सर्वसाधारण शाळेत सांभाळून घेता येते, त्यानंतर त्यांची जागा विशेष शाळेतच आहे, कायदा फक्त प्रवेश द्यायला सांगतो, विशेष शिक्षक द्यायला नाही, अशा मुलांमुळे दहावीचा निकाल घसरतो, परीक्षेतील सवलती म्हणजे इतरांवर अन्याय आहे, मदतनीस दिला की मूल परावलंबी होते, आणि मुळात ‘घरच्या लाडांनी बिघडलेले वर्तन’ शाळेतला धाक व सवय यांनी सुधारते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा स्वमग्न आहे आणि यंदा आठवीत गेला आहे. त्याच्या वर्गाच्या पालकगटात हा संदेश आला, त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली, आणि रात्री तिने तो मला पाठवून विचारले, “ताई, आपण त्याला उगाच तिथे ठेवलंय का?” एका आईला असे विचारायला लावणारा मजकूर अनुत्तरित ठेवता येणार नाही.

सर्वांत घातक मुद्दा संदेशात शेवटी आहे, पण मी त्याच्यापासूनच सुरुवात करते. “गोंगाटात कान झाकणाऱ्या मुलाला तिथेच बसवून ठेवा, चार दिवसांत सवय होते, आईने लाड केले की मूल असे होते,” असे त्यात लिहिले आहे. आईच्या वागण्यामुळे मूल स्वमग्न होते ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांतील काही नामवंतांनीही उचलून धरली होती. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, १९६४ मध्ये तिचे सविस्तर खंडन केले आणि पुढील संशोधनाने ती पूर्णपणे मोडीत काढली. स्वमग्नता हा मेंदूच्या विकासातील फरक आहे आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांची तीव्र किंवा अतिशय मंद जाणीव हा त्याचाच भाग आहे. २०१३ पासून तर डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत ही जाणीव निदानाच्या निकषांपैकी एक म्हणून नोंदलेली आहे. मधल्या सुट्टीतील गोंगाटाने ज्याला खरोखर वेदना होतात, त्याला तिथेच कोंडून ठेवल्याने वेदना थांबत नाहीत. मूल ती दाखवणे थांबवते, किंवा एके दिवशी त्याचा कडेलोट होतो आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘आक्रमक’ असा शेरा येतो.

धाकाचा उपयोग किती उलटा होतो, याचे एक उदाहरण देते. वर्गात चुळबुळ करणाऱ्या मुलाला शिक्षक रागाने विचारतात, “तुला बाहेर जायचंय का?” इतर मुलांना ही धमकी आहे हे कळते आणि ती गप्प बसतात. शब्दांचा सरळ अर्थ घेणारा स्वमग्न मुलगा प्रामाणिकपणे “हो” म्हणतो आणि उठून बाहेर जातो. उद्धटपणा म्हणून त्याला शिक्षा होते, आणि खरे बोलल्याबद्दल शिक्षा का झाली हे त्याला कोणीही समजावून सांगत नाही. विशेष शिक्षक नेमका इथे लागतो. मुलाला त्या प्रश्नामागचा संकेत उलगडून सांगणे आणि शिक्षकांना सूचना सरळ शब्दांत द्यायला शिकवणे, ही दोन्ही कामे त्याची आहेत. शिवाय शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. ‘अनुभवी मुख्याध्यापकांना’ हे ठाऊक असायला हवे होते.

आता कायद्याविषयी. ‘कायदा फक्त प्रवेश सांगतो’ हे धादांत खोटे आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता, हे खरे. परंतु २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत ती स्पष्टपणे आहे. या अधिनियमाचे कलम १६ केवळ शासकीय शाळांपुरते नाही, शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या सर्व शिक्षणसंस्थांविषयी आहे. भेदभावाविना प्रवेश ही त्यातील पहिलीच बाब आहे. त्यापुढे मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी आणि त्याच्या अभ्यासाचा व सामाजिक विकासाचा विचार करून वैयक्तिक साहाय्य यांचा उल्लेख आहे. कलम ३१ नुसार लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि यांपैकी कोणती शाळा निवडायची हे त्या मुलाने ठरवायचे आहे. सातवीनंतर हा हक्क संपतो असे कुठेही म्हटलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ मध्ये प्रमाणही घालून दिले: प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे, माध्यमिक स्तरासह, १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक. ‘एका मुलासाठी एक शिक्षक कोठून आणायचा’ या संदेशातील आक्रोशाचे उत्तर याच निकालात आहे. एका मुलासाठी एक शिक्षक कोणी मागितलेलाच नाही, आणि भरती होईपर्यंत परिसरातील अनेक शाळांत फिरणाऱ्या विशेष शिक्षकांची तात्पुरती सोयही न्यायालयाने सुचवली होती.

इथे एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. कागदावरचे हे शिक्षक बहुतेक माध्यमिक शाळांत दिसत नाहीत. पदे अधिसूचित करून भरा, असे न्यायालयाला मार्च २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा बजावावे लागले. प्रवेश देऊन मुलाला शेवटच्या बाकावर बसवून ठेवणाऱ्या शाळेपेक्षा चांगली विशेष शाळा बरी, असे एखाद्या पालकाला वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. ज्या मुलांना अधिक सघन मदत लागते, त्यांच्यासाठी विशेष शाळा हा योग्य पर्यायही असू शकतो. मात्र शाळेने आपले काम केले नाही म्हणून मुलाने शाळा सोडावी, हा निष्कर्ष मला मान्य नाही.

आणि आठवीनंतर मदत कमी नव्हे, जास्त लागते. प्राथमिक वर्गात बहुतेक तास एकच बाई घेतात आणि त्यांना मुलाची नस सापडलेली असते. माध्यमिकला दर तासाला शिक्षक बदलतो, प्रयोगशाळेत जावे लागते, ऑफ तासाला कोण येईल ते ठरलेले नसते, स्नेहसंमेलनाच्या दिवसांत वेळापत्रकच कोलमडते. ‘कवीला यातून काय सुचवायचे आहे’ अशा प्रश्नांना गुण असतात, आणि किशोरवयीन मुलांच्या गटांचे अलिखित नियम तर कोणीच शिकवत नाही. विशेष शिक्षकाची मदत म्हणजे काही जादू नव्हे: दिवसाचे लेखी वेळापत्रक, बदलाची आगाऊ सूचना, मोठ्या कामाचे लहान टप्पे, असह्य झाल्यास न विचारता जाता येईल अशी ठरलेली शांत जागा, आणि सर्व विषयशिक्षकांच्या हाती या मुलाविषयी एक पानी टिपण. यासाठी इमारत बांधावी लागत नाही, जाणकार माणूस लागतो.

निकाल घसरतो, या दाव्याला संदेशात एकही आधार नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ४७ अभ्यास एकत्र तपासले गेले, आणि विशेष गरजा असलेली मुले वर्गात असताना इतर मुलांच्या अभ्यासावर झालेला परिणाम किंचित का होईना, अनुकूलच आढळला.

परीक्षेतील सवलतींबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जादा वेळ दिल्याने उत्तरपत्रिका तपासण्याचे निकष सैल होत नाहीत. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासामागे किमान २० मिनिटे जादा द्यायला सांगितले होते. ज्याचा हात आणि विचार वेगवेगळ्या गतीने चालतात, त्याला माहीत असलेले उत्तर कागदावर उतरवायला तेवढा वेळ लागतो.

मदतनीसामुळे मूल परावलंबी होते, यात मात्र अर्धे सत्य आहे. पालकांनी पदरचे पैसे मोजून ठेवलेली आणि कोणतेही प्रशिक्षण नसलेली व्यक्ती दिवसभर मुलाला चिकटून बसली, त्याच्या वतीने बोलू लागली आणि वही भरू लागली, तर विषयशिक्षक त्याच्याकडे पाहणे सोडतात आणि वर्गमित्रही जवळ येत नाहीत. पण हा दोष अप्रशिक्षित मदतीचा आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला विशेष शिक्षक कोणती मदत केव्हा काढून घ्यायची हे पहिल्यापासूनच ठरवतो.

बहिणीला मी सांगितले आहे की गटात वाद घालत बसू नकोस. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज दे, त्यात कलम १६ चा उल्लेख कर, मुलाला हव्या असलेल्या सोयी एकेक करून लिही, विशेष शिक्षक केव्हा उपलब्ध होईल हे विचार आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घे. उत्तर आले नाही, तर तीच प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रारीसोबत जोडता येते. हक्क नाकारल्याच्या तक्रारींची दखल घेणे हे आयुक्तांचे कायद्याने ठरवलेले काम आहे.