दमेकरी मुलीला बेकरी काढून द्या म्हणे!

ताईने रात्री साडेअकराला फॉरवर्ड पाठवला, ‘दमा असलेल्या मुलामुलींसाठी करिअरची पाच सूत्रे’. खाली तिची ओळ : ‘हिच्यासाठी दोन नंबरचं बरं वाटतंय गं.’ ही म्हणजे माझी भाची. बारावी झालीय, दमा चौथीपासून. झोप उडालीच होती, लिहायला बसले.

दोन नंबर म्हणतो, मुलींनी दगदग न करता घरीच बेकरी नाहीतर पार्लर काढावं. लिहिणाऱ्याने जन्मात कधी मैदा चाळलाय? चाळणीवर दोन थापा मारल्या की खिडकीतल्या उन्हात पांढरा धुरळा तरंगतो, तो जातो कुठे? छातीत. पिठाच्या धुळीने धडधाकट बेकरीवाल्यांनाही दमा जडतो. शोधही नवा नाही. इटलीच्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरने पीठ नाकातोंडात जाऊन भटाऱ्यांना धाप लागते हे १७०० साली लिहून ठेवलंय. पार्लरमधल्या केसांच्या ब्लीच पावडरीत परसल्फेट नावाचं रसायन असतं, त्याचंही तेच. हजार कामांतून नेमकी हीच दोन ‘सुरक्षित’ निघाली! महिन्याला चार केक करणं वेगळं, रोज पोतं उपसणं वेगळं.

तीन नंबर : पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते, नोकरीत चारचौघांत बरं दिसत नाही, गोळ्याच घ्या. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा. करा हिशोब, एका गोळीत ४० पफ! तेही अंगभर फिरणार. ताई, सातवीत पोरगी गोळी घेऊन चित्रकलेच्या पेपरला बसली होती, हात थरथरून रेघ सरळ येईना, आठवतंय ना?

एक नंबर, ‘मैदानी काम विसरा’. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफला दमाच होता. २००३ साली लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन धावली, विश्वविक्रम केला. बरं, लष्कराचं खरंय, तिथे वैद्यकीय तपासणीत दम्यावर बाद करतात. तेवढं मान्य.

चार नंबरला दम्याच्या दाखल्यावर दिव्यांग कोटा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत दमा नाही. एजंटला एक रुपया देऊ नकोस.

पाच नंबर, दम्यावर औषध म्हणून गिळायला देतात तो हैदराबादचा जिवंत मासा. जाऊ दे.

पोरीला भूगोल घ्यायचाय, नकाशांचं काम करायचंय. कॉलेज बघायला जाशील तेव्हा होस्टेलच्या भिंतीला ओल आहे का, तेवढं हात लावून बघ.