साडेपाचला दाखला, सव्वाआठला अपघात: सालाच्या ट्रान्सफर फीविषयी फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

गेल्या रविवारी माझ्या भाच्याने मला एक मजकूर पाठवला आणि खाली विचारले, "मामा, हे खरं हाय काय?" तो कोल्हापुरात एका तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. संघाच्या व्हॉट्सॲप गटात हा मजकूर तीनदा येऊन गेला होता आणि प्रत्येक वेळी त्याखाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागली होती. मजकुराचा सारांश असा: अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला वेल्समधल्या कार्डिफ सिटी क्लबसाठी एक मिनिटही खेळला नाही आणि त्याचा करारही अपुरा होता, तरी फ्रान्सच्या नाँत क्लबने मेलेल्या खेळाडूचे १ कोटी ७० लाख युरो उकळले, विमानही नाँतनेच ठरवले होते, पण मुळात चूक सालाचीच, कारण क्लबने देऊ केलेला प्रवास नाकारून तो मोडक्या विमानात बसला, आणि तो जगला असता, तर कार्डिफ प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल श्रेणीतून, खाली घसरलेच नसते.

यातले बहुतेक मुद्दे चुकीचे आहेत, पण 'चूक सालाचीच' हा मुद्दा हीन आहे, म्हणून तोच आधी घेतो.

नाँतकडून कार्डिफने घेतलेला साला २१ जानेवारी २०१९ रोजी जुन्या सहकाऱ्यांचा निरोप घेऊन विमानाने कार्डिफला निघाला होता, आणि ते विमान वाटेत समुद्रात कोसळून त्याचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी नव्या संघाबरोबर त्याचा पहिला सराव व्हायचा होता. कार्डिफने नियमित विमानसेवेचा पर्याय सुचवला होता आणि तो स्वीकारला गेला नाही, हे खरे आहे. विमानात बसल्यावर त्याने मित्रांना आवाजी संदेश पाठवला, विमान मोडून पडेल की काय असे वाटते आणि भीती वाटते असे तो त्यात म्हणाला, हेही खरे आहे. पण भीती वाटणे म्हणजे धोका ठाऊक असणे नव्हे. ज्या माणसाला केबिनचा खडखडाट ऐकू येत होता, त्याला वैमानिकाची कागदपत्रे दिसत नव्हती. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाचा अहवाल मार्च २०२० मध्ये आला. वैमानिक डेव्हिड इबॉटसन यांना रात्री विमान चालवण्याची परवानगी नव्हती, त्या प्रकारचे विमान चालवण्याच्या त्यांच्या पात्रतेची मुदत संपलेली होती आणि पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता, असे त्यात नोंदवले आहे. सालाच्या रक्तातले ५८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने व्यापलेले आढळले. एकाच इंजिनाच्या त्या पायपर मालिबू विमानात हा वायू बहुधा केबिन गरम ठेवणाऱ्या व्यवस्थेतून आत शिरला असावा. या वायूला वास नसतो. बोर्नमथ येथील मृत्यू चौकशीत ज्यूरीने मार्च २०२२ मध्ये निष्कर्ष नोंदवला की विमान समुद्रावर आदळले, तेव्हा साला या विषबाधेने पूर्ण बेशुद्ध होता.

ते उड्डाण जुळवणारा डेव्हिड हेंडरसन याला विमानाची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल कार्डिफच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा सुनावली. या वैमानिकाला पुन्हा विमान देऊ नका, असे विमानाची व्यवस्था पाहणाऱ्या महिलेने त्याला आधीच बजावले होते. म्हणजे चूक कोणाची, यावर खटला चालला आहे आणि निकालही लागला आहे. तो मागच्या आसनावर बसलेल्या प्रवाशाविरुद्ध लागलेला नाही. अठ्ठावीस वर्षांच्या मृत माणसावर ठपका ठेवणारी ओळ पुढे ढकलण्याआधी निदान एवढे तरी वाचावे.

आता पैशांकडे वळतो. 'एक मिनिटही खेळला नाही' हे विधान अक्षरशः खरे आहे आणि तितकेच गैरलागू आहे. ट्रान्सफर फी म्हणजे सामन्याचे मानधन नव्हे. खेळाडूला चालू करारातून मोकळे केल्याबद्दल एका क्लबाने दुसऱ्याला द्यायची ती रक्कम असते. खरेदीखत नोंदले गेल्यावर दुसऱ्या दिवशी घर जळाले, तर विकणाऱ्याचे राहिलेले हप्ते बुडवता येत नाहीत. माणसाच्या बाबतीत घराचा दाखला देणे मलाही रुचत नाही, परंतु या वादाचे कायदेशीर स्वरूप तेवढेच कोरडे आहे.

म्हणूनच खरा प्रश्न एकच उरतो: नोंद झाली होती का? लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेला निवाडा मी येथे आधाराला घेतो, कारण दोन्ही बाजूंचे वकील ऐकून घेतल्यानंतरचा तो निवाडा आहे. दोन क्लबांमधल्या करारात अटी होत्या: वैद्यकीय तपासणी पार पडावी, कार्डिफचा खेळाडू म्हणून सालाची नोंद व्हावी आणि त्याचा आंतरराष्ट्रीय हस्तांतरण दाखला, म्हणजे एका देशाच्या फुटबॉल संघटनेने खेळाडूला दुसऱ्या देशाच्या संघटनेकडे सोडल्याचा कागद, सुटावा. तो दाखला वेल्सच्या फुटबॉल संघटनेला २१ जानेवारीला ब्रिटिश वेळेनुसार सायंकाळी साडेपाच वाजता मिळाला. विमान नाँतहून सात वाजून सहा मिनिटांनी निघाले आणि सव्वाआठच्या सुमारास रडारवरून नाहीसे झाले. हस्तांतरण पूर्ण झाले होते, असा निष्कर्ष काढून लवादाने कार्डिफचे अपील फेटाळले.

'करार अपुरा' या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. करारावर सही केल्याबद्दल सालाला द्यायच्या रकमेची रचना प्रीमियर लीगच्या नियमांत बसत नव्हती, त्यामुळे लीगने तो करार परत पाठवला होता आणि सुधारित करारावर सालाची सही व्हायची राहून गेली. पण तो खेळाडू आणि कार्डिफ यांच्यातला नोकरीचा करार होता. लीगची मान्यता ही अट दोन क्लबांमधल्या करारात घातलेली नव्हती. ती घालायला कार्डिफला कोणी अडवले नव्हते.

'१ कोटी ७० लाख उकळले' हा हिशेबही कच्चा आहे. रक्कम तीन हप्त्यांत द्यायची होती. २०१९ मध्ये फिफाच्या समितीने आदेश दिला, तो फक्त ६० लाखांच्या पहिल्या हप्त्याचा होता, आणि लवादापुढचा वाद त्याच हप्त्यापुरता होता. उरलेल्या १ कोटी १० लाखांचा आदेश २०२३ मध्ये आला. शिवाय साला पूर्वी ज्या बोर्दो क्लबाचा होता, त्याचा पुढच्या विक्रीत निम्मा वाटा ठरलेला होता. तेव्हा सगळी रक्कम नाँतच्या तिजोरीत जाणार होती, हे म्हणणेही टिकत नाही.

विमानाचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. नाँतच्या वतीने विक्रीचे काम पाहणाऱ्या एजंटाच्या वडिलांनी हेंडरसनशी बोलून ते विमान ठरवले होते. एजंटाच्या कृतीची जबाबदारी क्लबावर येते की नाही, हा खरा वाद आहे, आणि कार्डिफने तो नाँतच्याच व्यापारी न्यायालयात नेऊन १० कोटी युरोंहून अधिक भरपाई मागितली. लवादाने त्याचा निवाडा केलेला नाही. मजकूर लिहिणाऱ्याने हे दोन दावे एकत्र कालवले आहेत: फी देय होती का हा एक, आणि अपघाताची भरपाई कोणी द्यायची हा दुसरा. दुसऱ्या दाव्याचा निकाल कोणताही लागला, तरी साडेपाच वाजता आलेला दाखला खोटा ठरत नाही.

राहिले खालच्या श्रेणीत घसरणे. त्या हंगामात कार्डिफचे ३४ गुण झाले आणि लगेच वर राहून बचावलेल्या ब्रायटनचे ३६. सालाने जानेवारीपर्यंत फ्रेंच लीगमध्ये १२ गोल केले होते, तेव्हा दोन गुणांचा फरक त्याने भरून काढला असता असे कोणालाही वाटेल, मलाही वाटते. भाच्याला मी एवढेच कळवले की या वाटण्याचे मोल कार्डिफने त्याच भरपाईच्या दाव्यात मागितले, आणि पहिला हप्ता त्याच्या कितीतरी आधीच थकला होता.