कोर्टानं परिविक्षा अहवाल मागवताना चार ओळी जास्त लिहाव्यात

आरोपी दोषी ठरला, वय १९-२०, गुन्हा पहिलाच. अशा वेळी परिविक्षेचा, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर देखरेखीखाली सोडण्याचा, विचार व्हायला हवा. परिविक्षा अधिनियम १९५८ चं कलम ६ त्याबाबत स्पष्ट आहे. गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर २१ वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात पाठवायचं की नाही हे ठरवण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, आणि पाठवलंच तर कारणं लिहायची. कोर्टाच्या मर्जीचा प्रश्नच नाही.

घोडं अडतं ते पत्रव्यवहारात. कोर्टातून पत्र जातं, 'अहवाल सादर करावा.' सोबत दोषारोपपत्राची प्रत नाही, गावाचा धड पत्ता नाही, तारीख आठ दिवसांवर. अधिकारी बसतो जिल्ह्याच्या ठिकाणी, महिला व बाल विकास विभागात, आणि बालकांची, बालविवाहांची कामंही त्याच्याच गळ्यात. नांदेडहून किनवट सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. मग उत्तर येतं: 'घरची परिस्थिती बेताची, वर्तन चांगले, सोडण्यास हरकत नाही.' न्यायाधीशांनी यावर विसंबायचं तरी कसं? पुढच्या वेळी ते अहवालाला महत्त्व देत नाहीत, आणि अधिकारीही तेवढंच लिहू लागतो. दोन्हीकडची माणसं कामसू असतात, पण एकमेकांना काय हवंय ते कुणी विचारतच नाही.

म्हणून अहवालात काय हवं, ते कोर्टानं पत्रातच विचारावं: घरात कमावतं कोण, मुलगा कुणाचं ऐकतो, फिर्यादी त्याच गावात आहे का, कलम ५ ची भरपाई द्यायची ऐपत आहे का. आणि मराठवाड्यात सगळ्यात महत्त्वाचं: कुटुंबानं ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलीय का, दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कुठल्या कारखान्यावर जाणार, परत कधी येणार.

हे विचारलंच नाही, तर सोडताना लिहून घ्यायच्या बंधपत्रात 'तालुका सोडू नये' अशी अट पडते. मुलगा आईबापासोबत सांगलीकडच्या फडात जातो, कारण उचल फेडायचीच असते. अधिकारी घरी जातो तर दाराला कुलूप. मग कलम ९ खाली अटभंगाचा अहवाल, समन्स किंवा वॉरंट, आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा डोक्यावर. मुलानं ना चोरी केलेली असते, ना मारामारी. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं, कारण कायद्यात वाट आहे. आरोपी पुढे जिथं राहण्याची शक्यता आहे, तिथलं ठिकाणही बंधपत्रावर सोडण्याच्या कलम ४ ला चालतं. कलम १३ खाली, तो सध्या राहतो त्या जिल्ह्यातला परिविक्षा अधिकारी कोर्टाला नेमता येतो. अटी बदलायच्या तर अधिकाऱ्यानं कलम ८ खाली अर्ज करायचा. पण तो हंगामाआधी, दसऱ्यालाच. कुलूप पाहिल्यावर नव्हे.

आणखी दोन गोष्टी हमखास राहतात. देखरेखीच्या आदेशाची प्रत आरोपी, जामीनदार आणि परिविक्षा अधिकारी या तिघांनाही द्यायची असते. अधिकाऱ्याची प्रत कोर्टातच पडून राहिली तर देखरेख सुरूच होत नाही. दुसरं, अहवाल कलम ७ प्रमाणे गोपनीय असतो. बापाची दारू, बहिणीचं मोडलेलं लग्न भर कोर्टात वाचून दाखवू नये. त्यातला सारांश आरोपीला सांगता येतो, तेवढं पुरे.

वकील मंडळींनीही दोष सिद्ध झाल्याबरोबर अहवालासाठी लेखी अर्ज द्यावा आणि अर्जातच स्थलांतराचे महिने, कारखान्याचं गाव आणि मुकादमाचा फोन नंबर लिहावा. अधिकाऱ्याचा निम्मा शोध तिथंच वाचतो.