कार्ड बदललं नाही, मग पैसे कशाचे? काट्याच्या कॉम्प्युटरवरच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं, "कार्ड बदललं नाही, नुसतं सॉफ्टवेअर टाकलं आणि ७०० रुपये घेतले. ऐन कापसाच्या सीझनमध्ये कॉम्प्युटर अडकवून ठेवला. दुसरा दुकानदार दोन-अडीचशेच्या यूएसबी केबलवर काम भागवून देत होता." जिनिंगच्या गेटवर गाड्यांची रांग आणि काट्यावर हातानं पावत्या फाडायची वेळ, म्हणजे राग येणारच. गाडीवाल्यांची बोलणी तुम्हालाच खावी लागतात. पण काट्याचं वजन कॉम्प्युटरमध्ये आणणारं सिरियल पोर्टचं कार्ड का बदललं नाही हे इथंच, सगळ्यांसमोर सांगतो. आपल्या तालुक्यात असे जुने कॉम्प्युटर काट्यांवर, कृषी केंद्रांत, पतसंस्थांत अजून पुष्कळ आहेत.

कार्ड बदललं नाही, कारण कार्ड चांगलं होतं. "पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हापासून कार्ड गेलं" असं तुम्ही सांगितलं होतं, म्हणून आधी तेच तपासलं. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं पुसल्या, दुकानातल्या जुन्या चालू मशीनच्या पीसीआय स्लॉटमध्ये (कार्ड बसवायच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत) ते बसवलं आणि मागच्या पोर्टच्या, म्हणजे वायर लावायच्या जागेच्या, नऊ पिनांपैकी २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्यानं जोडल्या. ३ नंबरवरून डेटा बाहेर जातो, २ नंबरवरून आत येतो. दोन्ही जोडल्यावर टाइप केलेलं अक्षर फिरून स्क्रीनवर दिसलं, तर पोर्ट जिवंत. तुमच्या कार्डाच्या दोन्ही पोर्टवर अक्षरं नीट परत येत होती, तुमच्या माणसानं तिथं उभं राहून पाहिलं. त्यावरही मी नवं कार्ड लावून बिल फाडलं असतं, तर तुम्हाला ते खरंही वाटलं असतं. तसा धंदा मला करायचा नाही.

खरा बिघाड विंडोजमध्ये होता. तुमच्या मशीनवर आधी ३२ बिटचं विंडोज ७ होतं. दसऱ्याच्या आसपास भाच्यानं ६४ बिटचं विंडोज १० टाकलं. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर; ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालतच नाही, त्यामुळे कार्डासोबत आलेली जुनी सीडी त्या दिवसापासून निरुपयोगी झाली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या सगळ्या भागांची यादी) पिवळं चिन्ह आणि कोड २८ दिसायला लागला, म्हणजे ड्रायव्हरच नाही. मग कुणीतरी नेटवरून 'सगळे ड्रायव्हर आपोआप शोधा' छापाचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यानं भलत्याच चिपचा ड्रायव्हर बसवला आणि कोड २८ चा कोड १० झाला, म्हणजे ड्रायव्हर आहे पण कार्ड सुरू होत नाही. वेळ खाल्ला तो इथं. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही, विंडोज तो चुकीचा ड्रायव्हर स्वतःजवळ जपून ठेवतं आणि रीस्टार्ट झालं की पुन्हा तोच लावतं. काढताना ड्रायव्हरची फाइलही डिलीट करण्याच्या चौकटीत टिक करावी लागते, आणि इथं असे एकाहून जास्त ड्रायव्हर साचले होते.

बरोबर ड्रायव्हर शोधायला कार्डाच्या खोक्यावरचं नाव कामाचं नाही, त्यावरची चिप पाहावी लागते. डिव्हाइस मॅनेजरच्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी असतो. तुमच्या कार्डाचा होता व्हेंडर ९७१०, डिव्हाइस ९८६५. म्हणजे मॉसचिपची चिप, मूळ हैदराबादची कंपनी. या चिपांचं काम पुढे असिक्स या दुसऱ्या कंपनीकडे गेलं, त्यामुळे ड्रायव्हरही आता असिक्सच्या नावाखाली शोधावा लागतो. हे ज्याला माहीत नाही तो दिवसभर जुन्या नावानं शोधत बसतो.

ड्रायव्हर बसला तरी काम संपलं नव्हतं. विंडोज प्रत्येक सिरियल पोर्टला कॉम १, कॉम २ असा नंबर देतं; कार्डाला कॉम ३ नंबर मिळाला आणि तुमचं काट्याचं सॉफ्टवेअर फक्त कॉम १ वर वजन शोधतं. मदरबोर्डावरचा पोर्ट बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमधून) बंद केला, कार्डाला कॉम १ दिला. मग काट्यावर आलो, कारण वजनाचा इंडिकेटर (आकडा दाखवणारा डबा) तुमच्याकडे, दुकानात त्याशिवाय खात्री होत नाही. तिथं वजनाच्या जागी वेडीवाकडी चिन्हं येत होती. इंडिकेटर २४०० च्या वेगानं आकडे पाठवत होता आणि सॉफ्टवेअर नव्यानं टाकल्यामुळे ९६०० वर गेलं होतं. ते जुळवलं, ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर घेतली, इंडिकेटरवरचा आणि पावतीवरचा आकडा एक आला, तेव्हाच मी निघालो. ७०० रुपये या सगळ्याचे आहेत. बिलावर 'कार्ड बदललेलं नाही' असं मीच लिहून दिलं होतं.

यूएसबीवरून सिरियल पोर्ट देणारी ती केबल वाईट नसते, लॅपटॉपला तर तीच लागते. पण काट्यावर ती कुणाच्या तरी हातानं निघते, दुसऱ्या भोकात घातली की कॉम नंबर बदलू शकतो, आणि स्वस्तातल्या केबलमध्ये नकली चिप निघाली की पुन्हा तोच कोड १०. चांगलं कार्ड असताना मी ती सुचवणार नाही.

आता पुढचं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून हा कॉम्प्युटर फक्त काट्यासाठी ठेवा, नेट जोडू नका. सीझन संपल्यावर नवा घ्यायचा असेल तर एक गोष्ट बघा: आजच्या बहुतेक बोर्डांवर जुना पीसीआय स्लॉट नसतो आणि हे कार्ड नव्या पद्धतीच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसत नाही. बोर्डावर सिरियल पोर्ट आहे का, नसेल तर पीसीआय एक्सप्रेसचं सिरियल कार्ड मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

चालू ड्रायव्हर डी ड्राइव्हमध्ये 'काटा' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. कॉम नंबर आणि वेग लिहिलेला कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. या सीझनमध्ये हाच त्रास पुन्हा झाला तर फोन करा, त्याचे पैसे घेणार नाही. भाच्यालाही दुकानात पाठवा, हार्डवेअर आयडी कसा बघायचा ते मी त्याला समोर बसवून दाखवतो.